बुडायचंच असेल तर आधी मोठे व्हा

गेल्या महिन्यात आमच्या बँकेच्या शटरवर एक कागद चिकटला. बँकेचं नाव सांगत नाही. ज्यांचे अडकलेत त्यांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, खात्यातून अमुकच रक्कम मिळेल. त्या अमुक रकमेत सुताचं एक पोतं येत नाही. शटरसमोर उभं राहून जे ज्ञान झालं, ते तुम्हाला फुकट देतोय.

सल्ला पहिला: लहान राहू नका.

मोठं होण्याची रीतसर परीक्षा असते. 2008 च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बडी बँक कोसळली आणि जगभरच्या बँकांचे हातपाय गळाले. तेव्हा शहाण्यांना कळलं की काही बँका बुडलेल्या परवडत नाहीत, त्या आधीच हेरून ठेवाव्यात. जगाची यादी 2011 पासून निघते. तीत आपली एकही नाही. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये आपले नियम केले आणि 2015 पासून आपली यादी काढली. स्टेट बँक, आयसीआयसीआय आणि 2017 पासून एचडीएफसी. यांना म्हणायचं 'देशांतर्गत व्यवस्थात्मकदृष्ट्या महत्त्वाच्या बँका'. एवढं लांब नाव घेऊन कोण बुडेल हो?

पेपर चार. आकाराला 40 टक्के, इतरांशी गुंतलेलं असण्याला 20, आपली जागा दुसऱ्या कुणाला घेता न येण्याला 20 आणि कारभाराच्या गुंतागुंतीला 20. मी घरी बसून स्वतःला मार्क दिले. आकारात नापास; यंत्रमाग आठ, त्यातले दोन बंद. पण गुंतलेपणात पैकीच्या पैकी! सूतवाल्याची उधारी माझ्याकडे, माझी उधारी टॉवेलच्या व्यापाऱ्याकडे, कामगारांची उचल माझ्याकडून, आणि त्यांच्या चहाची वही कोपऱ्यावरच्या टपरीत. मी बसलो की ओळीने सगळे बसतात. माझी जागा घ्यायला कुणी तयार नाही, पोरगासुद्धा पुण्याला पळाला. गुंतागुंत म्हणाल तर माझी वही माझ्या बायकोलाही लागत नाही. चारपैकी तीन पेपर सुटले, तरी यादीत नाव नाही. आकाराने घात केला.

सल्ला दुसरा: दंडसुद्धा मोठ्यांचाच घ्या. यादीतल्या बँकेने स्वतःचं थोडं जास्त भांडवल बाजूला ठेवायचं असतं. जोखीम धरून मोजलेल्या मालमत्तेवर स्टेट बँकेने 0.80 टक्के, एचडीएफसीने 0.40, आयसीआयसीआयने 0.20. शंभराला ऐंशी पैसे. मला मागाच्या कर्जाला घराची कागदं, दोन जामीनदार आणि बायकोच्या पाटल्या लागल्या होत्या. पण ते असो.

सल्ला तिसरा: आता तरी न बुडणाऱ्या बँकेत खातं उघडा. हे मी करून बघितलं. पहिल्या दिवशी सिस्टिम डाऊन. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, आधारवर नावात एक अक्षर जास्त आहे, पॅनवर नाही." मी म्हटलं, "बाई, माणूस तर एकच आहे ना?" ती म्हणाली, "सिस्टिम घेत नाही." गेलो आधार केंद्रात, तिथे सर्व्हर बंद. त्या दिवशी नेमका आमच्याकडे पाण्याचा दिवस, तोही गेला. चौथ्या दिवशी अक्षर सुटलं तर सही जुळेना. माझीच सही, माझ्याच हाताने, माझ्याच समोर! मागून एक जण म्हणाला, "काय बे, एवढ्या मोठ्या बँकेला तुझ्या दहा हजाराची भीती वाटायली." हसलो. काय करणार? बँक का बुडत नाही ते तिथे कळलं. आत कुणाला शिरूच देत नाहीत.

सल्ला चौथा: एका बँकेत पाच लाखांच्या वर साठवू नका. बँक बुडाली तर ठेवीला विमा तेवढाच आहे, मुद्दल आणि व्याज धरून.

सल्ला पाचवा: बुडायची वेळ आलीच तर कुणाच्या शेजारी बुडायचं ते नीट ठरवा. मार्च 2020 मध्ये येस बँक अडकली. यादीत नव्हती, तरी तिला वाचवलं. 5 तारखेला पैसे काढण्यावर 50 हजारांची मर्यादा लागली, स्टेट बँक आणि इतर बँका पैसे घेऊन धावल्या आणि 18 तारखेला मर्यादा उठली. तेरा दिवस. त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी ही सहकारी बँक अडकली होती. सुरुवातीची मर्यादा एक हजार रुपये. ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली जानेवारी 2022 मध्ये. दोन वर्षं चार महिने. त्यातही मोठ्या ठेवींचे हप्ते पुढे काही वर्षांत. एक हजार रुपयांत घर चालवून दाखवा म्हणावं कुणीतरी, एकदा. त्या बँकेत पेन्शनवाले होते, दवाखान्यात पडलेले होते, लग्न ठरलेल्या पोरींचे बाप होते.

मग 2021 मध्ये कायदा बदलला, निर्बंध लागल्यावर 90 दिवसांत विम्याचे पैसे. बरं केलंत. पण मी 90 दिवस कामगारांना काय सांगू? की बाबांनो, आपण व्यवस्थात्मकदृष्ट्या महत्त्वाचे नाही?

आता सरळच बोलतो, सल्लेबिल्ले राहू द्या. रिझर्व्ह बँकवाल्यांनो, मोठ्या बँकांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवता, ठेवायलाच पाहिजे. त्या गेल्या तर आम्हीही जाऊ. पण लहान बँकेचीही तपासणी करता ना? वह्या तुमच्यासमोर उघड्या असतात ना? मग कुणाचं कर्ज कुणाच्या मेहुण्याला गेलं ते शटरवर कागद लागायच्या आधी आम्हाला का कळत नाही? तपासणी अहवाल माहितीच्या अधिकारात द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या डिसेंबरात सांगितलं होतं. आम्हाला कुठे दिसला? आणि आमच्या बँकेचे ते संचालक! दरवर्षी सभेला फेटे बांधून बसायचे, भेटवस्तू म्हणून स्टीलचा डबा द्यायचे, आणि आम्ही माठ, डबा घेऊन ताळेबंदाचं पुस्तक रद्दीत घालायचो. मीही घातलं. लाज वाटते. पण माझी लाज माझ्यापाशी, तुमचं काम तुम्ही का केलं नाही?

उद्या अकराला पुन्हा मोठ्या बँकेत जायचंय. दोन फोटो आणा म्हणालेत, दोन्ही कान दिसले पाहिजेत.