वेळ जात नाही? आमचा तर पुरत नाही!

‘निवृत्तीनंतर डोंगरातल्या छोट्या गावात वेळ जाता जात नाही’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. २००० मीटर उंचीवर पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर कडधान्य शिजता शिजत नाही. आमचे वडील भुकेने कातावून विचारायचे, “अजून झालंच नाही?” आई झाकणसुद्धा न उचलता म्हणायची, “हवेचा दाब कमी आहे, तुमचा आवाज नव्हे.”

आणि चढाचा साधा उल्लेखही नाही! पेपर आणायला उतरतो झरझर. येताना मात्र दम लागला की कुणाचं तरी फाटक धरून “काय, बरं आहे ना?” विचारायचं. त्याला लोक माझा मनमिळाऊ स्वभाव समजतात.