मधल्या सुट्टीतलं पाणी

आयर्विन पुलाच्या अलीकडं, चहाच्या गाडीशेजारी आमचा कट्टा. काल भडंगाचा पुडा फुटला आणि मास्तरनं विषय काढला. मास्तर म्हणजे आमचाच वर्गमित्र, आता नववीला मराठी शिकवतो. शाळेत काय खुपतं ते नाव न घालता लिहा, म्हणून पोरांकडून चिठ्ठ्या घेतल्या होत्या त्यानं.

"बघू की," संज्या म्हणाला.

"दाखवणार नाही. अक्षरावरनं कोणतरी ओळखंल. सांगतो फक्त. एकानं लिहिलंय, 'मी मधल्या सुट्टीत पाणीच पीत नाही. मुतारीत गेलं की पोरं म्हणतात, तू मुलींच्यात जा.'"

"मोबाइलमधनं आलेली फॅडं ही. आणि आता पोरं मास्तरला शिकवणार?"

"इतकी वर्षं नोकरी केली, मुतारीच्या दारात कधी थांबलो नाही. मला कसं कळणार?"

मी 2021 चा मद्रास हायकोर्टाचा निकाल काढला. मदुराईचं घर सोडून आलेल्या, एकमेकींवर प्रेम असलेल्या दोन तरुणींनी संरक्षण मागितलं होतं. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी, यातलं आपल्याला पुरतं कळत नाही हे कबूल केलं, आधी मानसशास्त्रज्ञापुढं समजून घ्यायला बसले, मग निकाल दिला. शाळांनी पालकांनाही हे समजावावं, असं त्यात आहे.

"काढ पालकसभेत! दुसऱ्या दिवशी मोर्चा येतोय बघ."

संज्याचं हे खोटं नाही. त्याच वर्षी शाळेची पुस्तकं काढणाऱ्या दिल्लीच्या एनसीईआरटीनं तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका वेबसाइटवर टाकली आणि तक्रार होताच काही दिवसांत काढूनही घेतली. दिल्ली दचकते, तिथं आमच्या मास्तरची काय कथा.

बाळू इतका वेळ गप्प होता. "पण दुखणं त्या पोराचं, आन औषधबी त्यानंच घोटायचं व्हय?"

"म्हणून तर बिननावाची चिठ्ठी," मास्तर म्हणाला. "दुखतंय कुठं तेवढं त्यानं सांगायचं. सोमवारपासनं मधल्या सुट्टीत तिथं मी उभा."

"आपल्या वेळी असलं काय नव्हतं लका," संज्या.

"नव्हतं? मग 'मावशी' कोण होता?"

कबड्डीत कुणी घ्यायचं नाही त्याला. नववीतच शाळा सुटली त्याची. भडंगातले शेंगदाणे वेचणारा संज्याचा हात थांबला.

"त्याचं खरं नाव काय रं?" बाळूनं विचारलं.

चौघांपैकी एकालाही आठवेना.

"हजेरीत माझा नंबर 30," बऱ्याच वेळानं संज्या म्हणाला. "त्याचा 31."