मीठ टाकून पाहा ना!

समुद्र घरात ठेवायला नागपूर ही काही शहाण्या माणसाची निवड नव्हे. इथून निघून समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवले, तरी माणूस ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यात पोचतो. समुद्र त्याच्याही पुढे. पण हौसेला मोल नसतं म्हणतात. (असतं. मिठाच्या बादलीवर छापलेलं असतं.) म्हणून आम्ही काही लोक आरओ-डीआय यंत्रातून शून्य टीडीएसचं, म्हणजे सगळे क्षार काढलेलं पाणी काढतो, २० लिटरला साधारण साडेसातशे ग्रॅम सागरी मीठ विरघळवतो, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला डोळा लावून १.०२५ घनतेची रेघ शोधतो आणि दिवाणखान्यात दोनशे लिटरचा समुद्र, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, मांडून बसतो.

मग एके सकाळी एक मासा जेवत नाही.

माशाची नाडी बघता येत नाही, जीभ दाखव म्हणता येत नाही. कुठं दुखतंय विचारावं तर तोंडाची उघडझाप करतो, पण ती तो एरवीही करतो. घरी येणारा प्रत्येक माणूस मात्र वैद्य असतो. "थोडंसं मीठ टाकून पाहा ना, भाऊ!" गोड्या पाण्याच्या टाकीत हा सल्ला अगदीच चुकीचा नाही, तिथं मिठाचा उपयोग होतो. इथं लिटरमागे ३५ ग्रॅम आधीच आहे. दुसरा हळद आणि लसूण सुचवतो. तिसरा बराच वेळ काचेला नाक लावून शेवटी मनातलं बोलतो, "याचा रस्सा होते का?"

खरी अडचण अशी की आजारी मासा आणि मार खाल्लेला मासा हुबेहूब सारखे दिसतात. दोघंही कोपरा धरतात, जेवत नाहीत, धापा टाकतात, पंख फाटलेले असतात. भरीस भर म्हणजे मार खाणाऱ्याची प्रतिकारशक्ती खचते आणि तो खरोखरच आजारी पडतो. म्हणजे निदान बरोबर आलं तरी अर्धंच आलेलं असतं. डॅमसेल या भांडखोर माशाच्या दादागिरीवर औषध ओतलं तर दादा ठणठणीत राहतो आणि टाकीतल्या गोगलगायी तेवढ्या मरतात.

त्यामुळे माझ्या मते पहिलं औषध म्हणजे स्टूल. टाकीपासून चार-पाच फुटांवर ठेवायचं आणि वीस मिनिटं हलायचं नाही. जवळ गेलात की सगळे मासे जेवण आलं म्हणून पुढे धावतात, आजारीसुद्धा अंगात बळ आणतो, आणि दादा तर शिक्षणाधिकारी वर्गात आल्यासारखा सज्जन होतो. तुमचा विसर पडला की खरी टाकी सुरू होते. दादाला दर वेळी चावावंही लागत नाही, नुसता आडवा फिरला तरी समोरचा पंपामागे जातो. खाणं टाकून बघा. मार खाणाऱ्याला भूक असते. तो दाण्याकडे निघतो, दादाकडे बघतो आणि मागे फिरतो. आजारी मासा दाण्याकडे बघतही नाही, किंवा तोंडात घेऊन थुंकतो.

पंख नीट बघा. चावलेल्या पंखाचा अर्धचंद्र तुटलेला असतो आणि कडा स्वच्छ असते. सडणाऱ्या पंखाची कडा पांढुरकी, झिरमिळ्यांसारखी, रोज थोडी आत सरकणारी. अंगावर बाजूला सुरीने ओढल्यासारखा ओरखडा असेल तर टँग माशाची चौकशी करा. त्याच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना खरोखरीचं पातं असतं. सर्जनफिश हे नाव त्याला डिग्रीमुळे मिळालेलं नाही.

मग श्वास. कल्ल्याची उघडझाप पंधरा सेकंद मोजा आणि चाराने गुणा. तब्येत चांगली असताना हा आकडा लिहून ठेवलेला असला तर तुम्ही माझ्यापेक्षा शिस्तीचे आहात. एकच मासा धापा टाकत असेल तर दोष माशात. सगळेच टाकत असतील तर दोष पाण्यात. अमोनिया तपासा आणि तापमान बघा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टाकी २६ वरून ३१ वर कधी गेली हे कळत नाही, आणि पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यातून दुपारी लाईन गेली आणि पंप थांबला, की संध्याकाळपर्यंत कोणताही रोग न होता सगळे रोगी. इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो की पंप, हा प्रश्न नागपुरात घरोघरी आधी ठरवून ठेवावा.

यात आपल्या बाजूने एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कोरडी हवा. ज्या तत्त्वावर आपला वाळ्याचा कूलर चालतो त्याच तत्त्वावर पाण्यावर तिरपा सोडलेला साधा पंखा टाकी दोन-तीन अंशांनी उतरवतो. चिलरच्या किमतीशी तुलना केली तर हा पंखा म्हणजे फुकटच. मात्र तो पाणी उडवतो, मीठ नाही. रोज खाली गेलेली पातळी साध्या आरओ पाण्याने भरायची. खारं पाणी ओतत राहिलात तर आठवडाभरात १.०२५ चं १.०३० होतं, मासे लांबट चेहरा करतात आणि आपण पुस्तकात रोग शोधत बसतो. जुलैत हवा दमट झाली की पंखाही कूलरसारखाच नुसता आवाज करतो. आणि थर्मामीटर दोन ठेवा. २०२४ च्या मे महिन्यात इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर तो सेन्सरचा दोष निघाला. सरकारी यंत्राची ही कथा, तर आपल्या काचेला चिकटवलेल्या पट्टीचं काय घेऊन बसलात.

पाणी निर्दोष, दादा निर्दोष, मग रोग. टाकीवरचे निळे दिवे बंद करून पांढऱ्या उजेडात मासा बघा. निळ्या उजेडात धुळीचा कणही चमकतो आणि खरे ठिपके लपतात. ओळखीच्या जाणकाराला फोटो पाठवायचा तोही पांढऱ्या उजेडातला. निळ्या अंधारातल्या हललेल्या फोटोवर निदान मागणं म्हणजे पत्रिका न देता गुण जुळवायला सांगणं.

मीठ भुरभुरल्यासारखे सुटे, मोजता येतील असे ठिपके म्हणजे इक, अर्थात क्रिप्टोकॅरियन इरिटन्स हा परजीवी. पिठीसाखर चाळल्यासारखी बारीक पूड, फार वेगात श्वास, उजेडाचा तिटकारा आणि पंपाच्या धारेत तोंड घालून उभं राहणं म्हणजे वेल्व्हेट, अमायलूडिनियम हा दुसरा परजीवी. इक विचार करायला वेळ देतो. वेल्व्हेट दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो, कित्येकदा अंगावर काही दिसायच्या आत, कारण तो आधी कल्ल्यांत बसतो. क्लाऊनफिशच्या अंगावरून सालीसारखा चिकट पदर सुटत असेल तर ब्रूकलिनेला, हाही परजीवीच. त्याला फॉर्मलिन लागतं, कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, ओतून फक्त वेळ जातो. पंखावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ दिसली तर बहुधा लिम्फोसिस्टिस, विषाणूचं काम. त्याला चांगलं खाणं द्या आणि हात आवरा.

मासा दगडाला अंग घासतोय, डोळा धुरकट आहे, ठिपका मात्र एकही नाही, तर अंगावर फ्लूक बसल्याचा संशय घ्यायचा. हे किडे पारदर्शक असतात. त्यांच्यासाठी गोड्या पाण्याची आंघोळ: आरओ पाणी, टाकीइतकंच तापमान, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून टाकीइतकाच पीएच, आत एअर स्टोन, आणि घड्याळ लावून पाच मिनिटं. किडे पांढरे होतात आणि तिळासारखे तळाशी पडतात. मासा सुरुवातीला आडवा पडून नाटक करतो. नाटक आणि खरी घालमेल यांतला फरक ओळखता येत नसेल तर शेजारी टाकीच्या पाण्याची बादली तयार ठेवा. मग प्राझिक्वांटेल हे कृमींचं औषध आहेच, कारण आंघोळीने अंगावरचे जातात, टाकीतल्या अंड्यांतून निघणारे नाहीत.

इकची लबाडी स्वतंत्र सांगायला हवी. ठिपका माशावर तीन ते सात दिवस राहतो आणि गळून पडतो. मासा लख्ख! ज्याने लसूण सुचवली तो म्हणतो, बघा. (लसणीने फार तर भूक वाढते.) गळलेला जीव दगडावर, वाळूत कवच करून बसतो, आतल्या आत वाढतो आणि फुटल्यावर शेकडो पोहणारी पिल्लं निघतात. त्यांना दीड-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. पण मासे तर तिथंच, त्याच दोनशे लिटरमध्ये. म्हणून दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी येते, आणि त्या वेळी लसूणवाले फोन उचलत नाहीत.

उपाय म्हणजे सगळे मासे बाहेर. ठिपके असलेला एकटा नव्हे, सगळे. पन्नास-साठ लिटरचा प्लास्टिकचा टब, लपायला पीव्हीसीचे एल्बो, मुख्य टाकीत महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर (डिसेंबरात इथली रात्र माशाच्या मुळावर येते) आणि वर जाळी, कारण रॅस जातीचे मासे उडी मारून फरशीवर वाळतात. दगड आणि वाळू टबात नको, ते कॉपर पितात. चिलेटेड कॉपर दोन दिवसांत चढवत २ ते २.५ पीपीएमवर (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) न्यायचं आणि तीस दिवस त्याखाली येऊ द्यायचं नाही. रोज मोजायचं, अंदाजाने ओतायचं नाही. कमी पडलं तर इक हसतो, जास्त झालं तर मासा जातो. शिवाय अमोनिया मारणारी काही औषधं कॉपरशी मिसळली की विषारी ठरतात, तेव्हा अमोनिया वाढला तर तेवढंच कॉपर घातलेल्या नव्या पाण्याने बदली करायची. हे ऐकून कुणीतरी म्हणतंच, "मग टाकीतच तांब्याचा गडवा बुडवून ठेवा ना, आम्ही रोज तांब्याचंच पाणी पितो." तुम्ही प्या. मुख्य टाकीतली कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ त्याने मरतील.

एवढं सगळं करण्याआधी क्लाऊनफिशचा एक खुलासा. जोडीतला धाकटा मासा मोठ्या मादीसमोर आकडी आल्यासारखा थरथरतो. तो आजार नाही, "बाईसाहेब, मी शरण" असं म्हणणं आहे. हाच मासा रात्री कोपऱ्यात आडवा होऊन झोपतो आणि पाहुणे म्हणतात, "मेला वाटते बे हा!" दिवा लावला की उठून बसतो आणि असं बघतो, की दिवा लावल्याची लाज वाटावी.

आणि निदान दादागिरीचं निघालं तर कैद दादाला करायची, बिचाऱ्याला नव्हे. भोकाभोकांच्या पारदर्शक डब्यात चार-पाच दिवस त्याला टाकीतच टांगा; तेवढ्यात बाकीचे जागा वाटून घेतात. किंवा दगडांची मांडणी बदला, म्हणजे सगळ्यांचे सातबारे एकदम रद्द होतात. नवा टँग आणल्यावर जुना खवळला तर टाकीच्या बाहेरून काचेला आरसा लावा. जुना स्वतःच्याच प्रतिबिंबाशी दिवसभर भांडतो आणि नव्याला शेवाळं खायला सवड मिळते. आरसा घरातला असेल तर ऑफिसला जाणाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

इकचं निदान पक्कं झालं की मुख्य टाकी मासे नसलेली ७६ दिवस ठेवायची. आत फक्त दगड, कोळंबी आणि उजेड. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी आकडे लिहिले जातात. टब दुसऱ्या बाथरूममध्ये असतो, घरातले पहिल्या बाथरूमसमोर रांगेत असतात, आणि औषधाचा महिना संपला तरी मासे तिथंच, कारण बाहेरची ७६ दिवसांची मुदत वेगळी चालते. मग परतीचा क्रम: आधी गरीब मासे, मग क्लाऊन, आठवड्याने डॅमसेल. टँग सगळ्यात शेवटी, नाहीतर तो टाकी स्वतःच्या नावावर करून घेतो. तोवर बाथरूम त्याचं. आंघोळीला आत गेलात तर टबाच्या काठावरून वाकू नका. तो तुम्हालाही आरशातला टँगच समजतो.