सारवलेली भिंत

कागल तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेच्या कंपाउंडवर वारली चित्रं काढायचं ठरलं आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. काही म्हणतात, ऑइलपेंटनं काढा, म्हणजे दहा वर्षं बघायला नको. काहींचं म्हणणं, वारली डहाणू-तलासरीकडची, आपला काय संबंध?

मी म्युनिकला राहतो. इथून जवळच्या ओबरअमरगाऊ गावात घरांच्या दर्शनी भिंतींवर संत, देवदूत, रंगवलेले खांब आहेत. अठराव्या शतकात फ्रान्झ त्स्विंकनं ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली चित्रं लोक अजून बघायला येतात. चुना वाळताना रंग धरून ठेवतो. शिवाय १९७३ पासून इथं वारसा-वास्तूंचा कायदा आहे; संरक्षित घराच्या मालकाला परवानगीशिवाय भिंत बदलता येत नाही. हे पाहिल्यावर मीही ग्रुपवर लिहिलं होतं, आपल्याकडं असंच जपायला हवं. आता तसं वाटत नाही.

वारलीचा चौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, टिकवायला काढलेलाच नसतो. शेणामातीनं सारवून गेरू दिलेली कुडाची भिंत, वाटलेल्या तांदळाचा पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्न असलं की सवाशिणी चौक काढतात, त्यात पालघाट ही लग्नाची देवी बसते, धवलेरी ही पुरोहित बाई गाणी म्हणत लग्न लावते. पुढं भिंत सारवली की चित्र गेलं. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगापुढं नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, याचा मला अभिमान आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या त्या बायकांची नावं आपल्यापैकी कुणाला ठाऊक आहेत?

आमच्या दारातही दिवाळीच्या आधी आज्जी पांढऱ्या मातीनं भिंत पोतारायची, बुडाला गेरूचा पट्टा ओढायची. नागपंचमीला भिंतीवर नाग यायचा. सिमेंटचं घर झालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद काकीला झाला, कारण सारवणाचं ओझं तिच्याच कमरेवर होतं. म्हणून मातीची घरं परत आणा, असं मी कधीच म्हणणार नाही.

शाळेची एक भिंत तेवढी मातीनं लिंपून ठेवा. दरवर्षी पोरापोरींनी, दोघांनीही, ती पोतारावी आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून नाग काढायला शिकावं. ऑइलपेंट एकदा लावला की शिकायचं कारणच उरत नाही. वारली हवीच असेल तर डहाणूकडच्या वारली कलाकाराला बोलवा, मानधन द्या, चित्राखाली त्याचं किंवा तिचं नाव लिहा. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे तिचं नाव तिच्या मुलखाशी बांधलेलं आहे. इंटरनेटवरचा नमुना उचलून तो पेंटरकडून भरून घेणं मला पटत नाही.

काल काकीला फोन करून विचारलं, पांढरी माती अजून मिळते का?

"वड्याच्या पलीकडं मिळायची," ती म्हणाली. "आता हाय का न्हाई, उद्या पोराला धाडून बघतो."