खुर्च्या कोण उचलणार?

परक्या देशातल्या गावात बिऱ्हाड हलवलं की पहिले काही महिने आपल्याशी मनापासून बोलणारी एकच बाई असते. ती मोबाईलमध्ये राहते आणि 'पुढे डावीकडे वळा' म्हणते. स्वभावाने चांगली. कितीदाही रस्ता चुकला तरी चिडत नाही. पण घरी जेवायला बोलावत नाही, हीच काय ती अडचण.

सल्ला देणारे मात्र पुष्कळ. 'घराबाहेर पड, ओळखी वाढव.' बाहेर पडलो की मी बागेतल्या बाकावर बसतो, दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस आपली पिशवी जवळ ओढून घेतो, आणि त्या दिवसापुरती ओळख वाढते ती तेवढीच.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी तर २०१८ साली या प्रकरणाचा चक्क हिशेबच मांडला. नुकतेच दुसरीकडे राहायला गेलेले आणि मित्र शोधणारे लोक त्यांनी गाठले. निष्कर्ष असा, की तोंडओळखीच्या माणसाचा बऱ्यापैकी मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात, चांगला मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. त्यात पुन्हा एक मेख आहे. नुसतं कामानिमित्त एकत्र घालवलेल्या तासांना फारसं वजन नाही. म्हणजे कचेरीत शेजारच्या टेबलावर आठ-आठ तास बसणारा गृहस्थ हिशेबातून बाद. उरलेल्या जगात माझ्यासोबत २०० तास बसायला रिकामा कोण आहे? स्वयंसेवक! ते काम पगारी नसतं म्हणून काम नव्हे, आणि त्यात मजाही फारशी नसते म्हणून करमणूकही नव्हे. हॉलसाहेबांच्या कोणत्या रकान्यात ते बसतं हे त्यांनाच ठाऊक. मी एका संस्थेत नाव नोंदवायला गेलो.

तिथे एक फॉर्म मिळाला. फुकट राबायचं तरी आधी आपण भले गृहस्थ आहोत हे सिद्ध करावं लागतं. तेही रास्तच म्हणा, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांमध्ये वावरायचं असतं. पण फॉर्मच्या शेवटी लिहिलं होतं, 'आपल्याला काही वर्षांपासून ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या दोन स्थानिक व्यक्तींची नावे द्या.'

"अहो, अशा दोन व्यक्ती असत्या तर मी इथे कशाला आलो असतो?"

टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा वर केला. "बरोबर आहे तुमचं. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही."

शिवाय व्हिसाचं शेपूट असतंच. संस्थेला हातभार लावणं वेगळं आणि पगारी माणसाच्या जागी बिनपगारी राबणं वेगळं, असा भेद बऱ्याच देशांत करतात. दुसरा प्रकार पैसे न घेताही नोकरीत मोडू शकतो. म्हणून मी खुर्ची उचलण्याआधी विचारून घेतो, "ही उचलायला कुणी पगारी माणूस तर नाही ना?" लोकांना वाटतं मी कामचुकार आहे.

मग परदेशी मंडळींचा गट आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि फार जिव्हाळ्याचा आहे. कोणता दाखला कोणत्या खिडकीत मिळतो हे तिथे जितकं नेमकं कळतं तितकं त्या खिडकीतही कळत नाही. पण तिथे ओळख रंगात आली की माणसाची बदली होते. अध्यक्ष जातो, उपाध्यक्ष जातो, निरोप समारंभाची वर्गणी काढणाराही जातो आणि त्याच्यासाठी वर्गणी कुणी काढायची यावर बैठक होते. टिकून राहतो तो सोफा. एका बिऱ्हाडाने जाताना तो दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. आमच्या घरातल्या सोफ्याचा एक पाय बाकीच्यांहून आखूड आहे. त्याखाली घातलेली घडी मी एकदा उलगडून पाहिली, तर ती कुठल्याशा जुन्या बैठकीची विषयपत्रिका निघाली. विषय पहिला: नवीन सदस्यांचे स्वागत.

एकटेपणाचं हे दुखणं जुनंच आहे. व्हरमाँटमधल्या छोट्या गावात वाढलेला पॉल हॅरिस शिकागोत वकिली करू लागला आणि गर्दीतही त्याला करमेना. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी यांना जमवलं. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचं ठरलं, म्हणून नाव पडलं रोटरी. या मंडळींनी पहिलं लोकोपयोगी काम हाती घेतलं ते शिकागोतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांचं. मला हे वाचून हॅरिसबद्दल अतोनात आदर वाटला. कारण स्वयंसेवकाचं केशरी जाकीट घालून मी जत्रेत पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा जन्मापासून त्या गावात राहणाऱ्या माणसांनी मला येऊन एकच प्रश्न विचारला, "स्वच्छतागृह कुठे आहे?" जाकिटाची ही जादू असते. ज्याला काल स्वतःची गल्ली सापडत नव्हती, त्याला आज अख्खं गाव रस्ता विचारतं. उच्चारालाही कुणी हसत नाही. विचारणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

समितीची बैठक हा मात्र खरा कसोटीचा प्रसंग. "चिटणीसपदासाठी कुणी इच्छुक?" असं विचारल्यावर जी शांतता पसरते तिला भाषेचं बंधन नाही. सगळेजण एकाच वेळी बुटांची लेस पाहू लागतात. रिवाज ठाऊक नसलेला नवखा तेवढा मान वर ठेवतो, आणि इतिवृत्त लिहायचं काम त्याच्याकडे जातं. "तुमची भाषाही सुधारेल!" फिलाडेल्फियात उपऱ्यासारखा येऊन स्थिरावलेला बेंजामिन फ्रँकलिन यात जास्त पक्का. १७३६ साली त्याने आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची मंडळी काढली, ती दंडाच्या नियमासकट. कातडी बादल्या ज्याच्या त्याने आणायच्या आणि बैठकीला दांडी मारली तर पैसे भरायचे. आमच्याकडे दंड नाही, त्यामुळे बैठकीला मी आणि अध्यक्षीणबाई असतो.

तास जमतात ते बैठकीनंतर. घडीच्या खुर्च्या मिटवून भिंतीला लावायच्या असतात. त्या खुर्च्यांना एक खटका आहे, तो अंगठ्याने दाबला नाही तर बोट चिमटतं. आधी दुखऱ्या बोटावर फुंकर घालायची, मग शेजारच्याकडे पाहायचं, तोही बोट चोखत असतो. मुलांच्या शाळा, सासूचं गुडघेदुखीचं ऑपरेशन, घरमालकाचा चिक्कूपणा ही सगळी बोलणी खुर्च्यांच्या रांगांमध्ये होतात. हॉलसाहेबांनी हे तास मोजावेत असा माझा आग्रह आहे.

परवा अध्यक्षीणबाईंचा फोन आला. ना नमस्कार, ना 'जमेल का'. "उद्या सातला. पताका लावायच्यात. शिडी आणा." इतकं उद्धटपणे माझ्याशी या गावात अजून कुणी बोललं नव्हतं. मला भरून आलं.

शिडी माझ्याकडे नव्हती. फ्रँकलिनची एक युक्ती होती. विरोधकाला जिंकायचं तर त्याच्याकडून काहीतरी उसनं मागावं. त्याने एकाकडून दुर्मीळ पुस्तक मागून नेलं आणि त्याच्याशी आयुष्यभराची दोस्ती केली. मी शेजारच्या आजोबांचं दार वाजवलं. आमचा संबंध तोवर मान डोलावण्यापुरता. आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कशाला हवी?"

"पताका लावायला. तुमच्या घरामागच्या सभागृहात."

"तिथे काही चालतं?"

"चाळीस वर्षं झाली म्हणे."

आजोबांना शिडी द्यायची होती, पण माझ्यावर सोडायची नव्हती. ते शिडीबरोबर आले. पताका त्यांनीच लावल्या, मी खालून शिडी धरली आणि शिव्या खाल्ल्या. नंतर बैठक होती. खजिनदार कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. आजोबांना हा रिवाज माहीत नव्हता.

आता वर्गणी राहिली की ते सकाळी सातला माझं दार वाजवतात.