‘विरोधी पक्षनेता हवाच कशाला?’ या फिरत्या मजकुराला उत्तर

सांगली-साताऱ्याकडच्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. खाली नाव कुणाचंच नाही. त्यात चार दावे आहेत. विधानसभेला विरोधी पक्षनेता मिळाला नाही, कारण घटनेनंच दहा टक्के आमदारांची अट घातली आहे. हे पद म्हणजे नुसता गाडी-बंगला, जनतेला त्याचा उपयोग शून्य. विरोधकांनी खातेनिहाय टीम नेमायची, धोरणं मांडायची हे ब्रिटनचं खूळ आहे आणि तिथंही ते फसलं. आणि चौथा, लोकांना सगळ्यात जास्त पटणारा: विरोधातला आमदार दिला की तालुका उपाशी, तेव्हा विरोधी पक्ष जितका लहान तितकं बरं.

एरवी नीट विचार करणारी, शिकलीसवरलेली माणसं हा मजकूर पुढं पाठवतायत. म्हणून उत्तर देणं भाग आहे. मी कुठल्या आघाडीचं वकीलपत्र घेतलेलं नाही, ते वाचताना कळेलच.

‘घटनेतच दहा टक्क्यांची अट आहे.’

नाही. राज्यघटनेत विरोधी पक्षनेता या पदाचा उल्लेखच नाही, मग त्याची अट कुठून असणार? घटनेत दहावा हिस्सा येतो तो गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालायला सभागृहात किमान किती सदस्य हजर हवेत यासाठी. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी तोच आकडा धरला आणि सभागृहात पक्ष म्हणून मान्यता हवी तर तेवढे सदस्य हवेत, असा दंडक घातला. पुढं तो अध्यक्षांच्या निर्देशांत गेला आणि लोकांच्या तोंडी त्याची ‘घटना’ झाली.

आपल्या राज्यात विधानमंडळातल्या विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांसाठी १९७८ चा स्वतंत्र कायदा आहे. सरकारच्या विरोधात असलेल्या पक्षांपैकी ज्याचं संख्याबळ सर्वांत जास्त, त्या पक्षाचा आणि अध्यक्षांनी किंवा परिषदेत सभापतींनी मान्यता दिलेला नेता, एवढीच त्यातली व्याख्या. टक्केवारी कुठंही नाही. २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. दहा टक्के म्हणजे २९, तिथवर कुणी पोचलं नाही हे खरं. पण कायद्याला हवा असलेला ‘सर्वांत मोठा’ पक्ष कोणता, याबद्दल शंकेला जागा नव्हती. त्या पक्षानं २०२५ च्या मार्चमध्ये भास्कर जाधव यांचं नावही दिलं होतं.

दिल्लीत २०१५ साली ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाला आणि ३ भाजपला मिळाल्या. तरी तिथल्या अध्यक्षांनी भाजपच्या विजेंदर गुप्ता यांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली. उलटी उदाहरणंही आहेत. १९८० आणि १९८४ च्या लोकसभेत काँग्रेसच्या राज्यात हे पद रिकामंच होतं. २०१४ साली ४४ खासदारांच्या काँग्रेसला ते नाकारलं गेलं, तेव्हा तिच्यावर तिचाच जुना पायंडा उलटला. मान्यता द्यायची की नाही हा अध्यक्षांचा अधिकार आहे आणि त्यांनी नकार दिला तरी तो अधिकारातच बसतो. पण मग ‘हा अध्यक्षांचा निर्णय आहे’ असं सरळ म्हणावं. बाबासाहेबांच्या घटनेवर ते ढकलू नये.

‘पद म्हणजे गाडी-बंगला, लोकांना उपयोग काय?’

समजा, जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या म्हैसाळ योजनेच्या पाणीपट्टीचा हिशोब माहिती अधिकारात मागितला. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं, तिथंही तारीख पे तारीख. मग दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथल्या खुर्चीवर कोण बसणार हे कोण ठरवतं? माहिती अधिकार कायदा २००५, कलम १५ वाचा. निवड समितीत तिघं असतात: मुख्यमंत्री, मुख्यमंत्र्यांनीच नेमलेला एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता. तिघांत दोघं सरकारचे. आयुक्त म्हणून कुणाचं नाव पुढं आलंय, सरकारला अडचणीचे आदेश देण्याची त्याची धमक आहे का, हे विचारणारा आवाज असलाच तर त्या तिसऱ्याचा. कायदा करणाऱ्यांनाही ही जागा इतकी मोलाची वाटली की मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला तिथं बसवायची सोय त्यांनी कलमातच करून ठेवली. राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीतही विरोधी पक्षनेता असतो. पोलिस कोठडीत ज्याच्या घरचं माणूस दगावलंय, त्याला विचारा हा आयोग किती लांबची गोष्ट आहे.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि मजकूर लिहिणाऱ्यानं नेमकी तीच लिहिलेली नाही. महाराष्ट्रात या पदावरची माणसं थेट मंत्रिमंडळात जाऊन बसली आहेत. एकनाथ शिंदे २०१४ च्या नोव्हेंबरात विरोधी पक्षनेते होते, डिसेंबरात मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील यांनी २०१९ साली पद सोडलं आणि काही महिन्यांत ते मंत्री झाले. अजित पवार २ जुलै २०२३ ला विरोधी बाकावरून उठले ते थेट उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घ्यायला. तिघं वेगवेगळ्या पक्षांतले, म्हणजे दोष एका पक्षाचाही नाही. लोकांचा या पदावरचा विश्वास उडाला तो यामुळं, आणि तो राग रास्त आहे. पण त्यातून ‘पदच नको’ हे निघत नाही. सगळं काम एकाच माणसाच्या खिशात असेल तर तो उठून गेला की कागदपत्रं, अभ्यास, माणसं सगळंच त्याच्याबरोबर जातं. म्हणूनच टीम लागते. आणि मजकुराचा पुढचा हल्ला नेमका तिच्यावरच आहे.

‘टीम आणि धोरणं हे ब्रिटनचं खूळ, तिथंही फसलं.’

मजकुरात उदाहरण दिलंय ते जेरेमी कॉर्बिन यांचं. सप्टेंबर २०१५ मध्ये ते जवळजवळ साठ टक्के मतांनी मजूर पक्षाचे नेते, म्हणून विरोधी पक्षनेते झाले. प्रत्येक मंत्र्यासमोर आपला एक माणूस उभा करायची तिथली रीतच आहे. कॉर्बिन यांच्या टीमवर पहिल्याच दिवशी वाद पेटला: अर्थ, परराष्ट्र, गृह ही वजनदार खाती सगळी पुरुषांकडं गेली म्हणून. त्याच वेळी पूर्ण टीममध्ये निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या, असं तिथं पहिल्यांदाच घडलं होतं. त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. जून २०१६ मध्ये एकापाठोपाठ एक राजीनामे पडले, खासदारांनी १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला, हे खरं. त्यानंतर सदस्यांनी कॉर्बिन यांना पुन्हा निवडून दिलं, २०१७ साली पक्षाला चाळीस टक्के मतं पडली आणि २०१९ साली सपाटून पराभव झाला, हेही खरं. माणूस हरला. पण २०१५ साली ज्याची ‘जुनाट समाजवाद’ म्हणून टर उडवली गेली, ते रेल्वे पुन्हा सरकारी मालकीची करण्याचं धोरण बघा. २०२४ साली त्याच पक्षाच्या दुसऱ्या नेत्याच्या सरकारनं त्याचा कायदा केला आणि २०२५ च्या मेपासून खासगी कंपन्यांकडच्या गाड्या एकेक करून परत घ्यायला सुरुवात झाली. विरोधात असताना केलेला विचार असा नऊ-दहा वर्षांनीही कामाला येतो. याला फसणं म्हणायचं?

आणि हे पद परक्याचं असेल तर ते आपल्या दारात फार आधी आलंय. १९७७ साली काँग्रेस हरली तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले ते साताऱ्याचे खासदार, देवराष्ट्रेत जन्मलेले यशवंतराव चव्हाण. त्याच वर्षी जनता सरकारनं या पदाला कायद्यानं वेतन आणि दर्जा दिला. तो दर्जा लोकसभेत सगळ्यात आधी मिळाला आपल्या माणसाला, आणि देणारे होते त्यांच्या पक्षाला हरवणारे.

आता टीम आणि धोरण याचा आपल्याशी संबंध काय? उसाचं घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान दरानं होणारी रक्कम, एकरकमी द्यायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं तिचे दोन हप्ते करायचा निर्णय काढला. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. तो काढणारं सरकार होतं महाविकास आघाडीचं, म्हणजे आजचे विरोधक. आज ते एफआरपीवर घसा कोरडा करतात, पण ‘तो निर्णय आम्ही का काढला, आता आमची भूमिका काय’ हे त्यांच्यापैकी कुणी कागदावर मांडलंय का? सहकार खात्यावर त्यांचा एक ठरलेला माणूस असता तर हा प्रश्न आपण त्याच्या दारात जाऊन विचारला असता.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचं तर याहून अवघड. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. नंतर राज्यानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगितलं की सांगली-कोल्हापूरच्या महापुराला अलमट्टी कारण नाही. कर्नाटकला मात्र धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची आहे, महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे, आणि समोरचा वकील आपल्याच समितीचा अहवाल आपल्यापुढं धरतो. यातून वाट काढायची तर नुसत्या घोषणा चालत नाहीत. फुगवट्याची, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्याची गणितं, लवादाचा निवाडा, कोयना आणि वारणेच्या विसर्गाच्या वेळा हे सगळं वाचून बसलेला माणूस लागतो. सरकारकडं जलसंपदा खातं आहे, अभियंते आहेत. विरोधकांकडं एका आमदाराला एक स्वीय सहायक. ब्रिटनमध्ये १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सरकारी तिजोरीतून पैसे मिळतात, त्यावर अभ्यासाची माणसं ठेवता येतात. नक्कल करायचीच तर याची करावी.

सत्तेबाहेरच्या माणसांनी धोरण घडवल्याचा दाखला हवा असेल तर आटपाडीला जा. पाऊस नाही, म्हणून इथली आणि खानापूर-विट्याकडची पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. गलाईवाला ही ओळखच झाली. १९९० च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी इथं पाणी परिषदा भरवल्या. ‘पाणी द्या’ एवढीच मागणी त्यांनी केली नाही. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत आणायचं आणि आलेलं पाणी समन्यायी वाटायचं, जमीन किती यावर नाही तर माणूस आहे यावर, असा हिशोब मांडला. टेंभू उपसा योजनेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आज आटपाडीत आलंय. कालवे बांधले सरकारनं, श्रेय घेतलं अनेकांनी, पण कुठल्या गावाला किती पाणी हे भांडण आजही त्याच हिशोबाच्या भाषेत चालतं. उपशाच्या वीजबिलातला ८१ टक्के भार सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं उचलायचा, हेही लोकांच्या रेट्यानंच पदरात पडलं.

‘विरोधातला आमदार दिला की तालुका उपाशी.’

निधी देताना भेदभाव होतो, हे मी नाकारत नाही. पण गणित इतकं सोपं नाही. २०२४ साली सांगली जिल्ह्यानं आठपैकी पाच आमदार सत्ताधारी युतीचे दिले, आणि डिसेंबरात शपथविधी झाला तेव्हा जिल्ह्याच्या वाट्याला एकही मंत्रिपद आलं नाही. उलट जत बघा. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला, सीमेवरची गावं ‘पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जातो’ म्हणून उठली, आणि वर्षानुवर्षं पडून असलेली विस्तारित म्हैसाळची फाइल पळायला लागली. तेव्हा जतचा आमदार काँग्रेसचा होता, विरोधातला. पाणी हललं ते गावं बोलली म्हणून.

साताऱ्यानं तर आठच्या आठ आमदार युतीला दिले आणि चार मंत्री मिळवले. त्याचा आनंद जरूर करावा. पण कोयना धरणाला साठ वर्षं उलटून गेली तरी ज्यांना अजून हक्काची जमीन मिळालेली नाही, त्या प्रकल्पग्रस्तांनी पुनर्वसनाचा प्रश्न सभागृहात मांडायला कुणाकडं जायचं? जिल्ह्यातल्या आठांपैकी प्रत्येकजण सरकार पक्षाच्या बाकावर आहे. सरकारला जाब विचारणारा, सगळ्या राज्याचा म्हणून एक माणूस त्यांना हवा आहे, आणि त्याच्याबरोबर पुनर्वसन खात्याचे कागद वाचणारा दुसरा. तिन्ही विरोधी पक्षांनी अध्यक्षांच्या मान्यतेची वाट न बघता पुढच्या अधिवेशनाआधी जाहीर करावं: पुनर्वसनावर कोण, अलमट्टीवर कोण, उसावर कोण. नावं आणि फोन नंबरासकट.