"दुसऱ्या दिवशी मुंग्या दुप्पट झाल्या": तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आमच्या पेस्ट कंट्रोलच्या कामाला तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय: आमच्या माणसाने फवारणी केलीच नाही, ओट्याच्या कडेला आणि सिंकखाली कसलेतरी गोड ठिपके लावून तो २० मिनिटांत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मुंग्या दुप्पट. फोन केला तर "पुसू नका" एवढं बोलून समोरून ठेवून दिला. चौथ्या दिवशी तुम्हीच स्प्रे मारलात तेव्हा कुठे ओटा मोकळा झाला, आणि आठवड्याभरात मुंग्या बाथरूममधून आणि बेडरूमच्या स्विचबोर्डातून निघायला लागल्या. "पैसे घेऊन मुंग्यांना जेवायला घालणारे लोक" असं तुम्ही आम्हाला म्हटलं आहे.

वाक्य झोंबलं, पण खोटं नाही. जेवायलाच घालतो आम्ही.

ओट्यावर ज्या दिसतात त्या फक्त खाणं शोधायला बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या. बाकीचा सगळा संसार, म्हणजे राण्या, अंडी, अळ्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या मुंग्या, भिंतीच्या पोकळीत नाहीतर फरशीखाली असतो. तिथवर आपला हात पोचत नाही, मुंगीचा पोचतो. ती त्या ठिपक्यांतलं औषध घातलेलं गोड जेल पोटात भरून घेते, घरी जाऊन तोंडातून तोंडात इतरांना भरवते आणि असं करत करत औषध राणीपर्यंत जातं. म्हणून ते मुद्दामच संथ असावं लागतं. साखरेच्या पाण्यात बोरिक अ‍ॅसिड १ टक्क्याच्या आसपास असलं तर मुंग्या ते आवडीने नेतात. "जरा जास्तच टाकू" म्हणून प्रमाण वाढवलं की त्या तोंड लावत नाहीत, किंवा खाऊन वाटेतच मरतात. आमचं तयार जेल वेगळं असलं तरी हिशोब हाच.

दुसऱ्या दिवशीची गर्दीही त्यातूनच आली. खाणं सापडलेली मुंगी परतताना पोट जमिनीला टेकवत वासाची रेघ सोडते. त्या रेघेवरून दुसऱ्या येतात, त्याही ती गडद करतात. ठिपक्याभोवती झुंबड उडाली म्हणजे जेल त्यांना पसंत पडलं. एकही मुंगी फिरकली नसती तर मला काळजी वाटली असती.

आता हे सगळं तुम्हाला आज, तक्रार लिहिल्यावर कळतंय, आणि इथे चूक पूर्णपणे आमची आहे. निघण्याआधी दोन मिनिटं थांबून "उद्या जास्त दिसतील, घाबरू नका, रांग पुसू नका, स्प्रे मारू नका" हे सांगणं हे जेल लावण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. ते झालं नाही. फोनवर ज्याने तुम्हाला उडवून लावलं त्याच्याशी मी बोललो आहे. घरात रांगतं बाळ असल्याचं बुकिंगच्या वेळी सांगूनही एक ठिपका ओट्याच्या उघड्या कडेवर ठेवला गेला, हे तुमच्या फोटोत स्पष्ट दिसतंय. जेल फटीत, बिजागरीमागे किंवा बंद डबीत जायला हवं होतं. याबद्दल मनापासून माफी मागतो.

तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहिला. मुंग्या जेमतेम २ मिलिमीटरच्या, पिवळसर, पोटाचं टोक गडद. नक्की काय ते भिंगाखालीच ठरवेन, पण रंग-आकार फॅरो मुंगीचा वाटतो, आणि तसं असेल तर स्प्रेनंतर जे झालं त्याचा उलगडा होतो. या जातीच्या एका वसाहतीत राण्या अनेक असतात. फवाऱ्याने दाणादाण उडाली की थोड्या कामकरी मुंग्या अंडी-अळ्या तोंडात धरून वेगळी चूल मांडतात, सोबत राणी असो वा नसो. एका घरची तीन घरं होतात. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. वैताग आल्यावर कुणीही स्प्रेच उचलतो, आणि मारू नका असं तुम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं.

एका मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. आधीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याने "सगळं घर फवारलं, तीन दिवस वास होता, त्याला काम म्हणतात" असं तुम्ही लिहिलंय. वासाचा आणि गुणाचा संबंध नाही. अंगणात वारूळ समोर दिसत असेल तर मीही थेट त्यातच औषध सोडेन. पण घर भिंतीत दडलेलं असताना ओटा फवारला तर मरतात त्या फक्त बाहेर आलेल्या, आणि औषधाचा थर राहतो तो तुम्ही जिथे स्वयंपाक करता तिथे.

फोटोच्या कोपऱ्यात खिडकीतली कुंडी दिसते. तिच्या फांद्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी आहे. तो पिठ्या ढेकूण असणार. तो चिकट गोड रस सोडतो आणि मुंग्या त्यावर पोसतात. असा रोजचा रतीब शेजारीच असल्यावर आमच्या जेलची किंमत कमी होणारच. आमच्या माणसाने कुंडीकडे पाहिलंसुद्धा नाही, तेही आमच्याच खात्यात धरा.

तुमची हरकत नसेल तर मी स्वतः येतो, पैसे न घेता. स्प्रे मारलेल्या जागा आधी साबणाच्या पाण्याने पुसून घेऊ आणि जेल तिथून लांब लावू, कारण फवारलेल्या जागेवरच्या जेलला मुंग्या सहसा शिवत नाहीत. या वेळी गोडाबरोबर प्रथिनांचं आमिषही आणेन. वसाहतीत अळ्या वाढत असल्या की कधीकधी गोड सोडून मुंग्या त्यावरच तुटून पडतात. तीन ठिकाणं झाली आहेत, त्यामुळे एका फेरीत संपेल असं सांगत नाही. दोन-तीन आठवडे आणि बहुधा दोन फेऱ्या लागतील. हे नको असेल आणि पैसे परत हवे असतील तर तेही देऊ, वाद घालणार नाही.

मी येईपर्यंत स्विचबोर्डात काहीही फवारू नका, विजेचा धोका आहे. आणि रांग दिसली तर ती कुठल्या फटीत शिरते तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा, माझा अर्धा तास वाचेल.